गावाकडच्या मळ्यात पार्टनरला पहिल्यांदा नेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न (जुन्नर-नारायणगाव बाजू)

माझं माहेर जुन्नर तालुक्यात, नारायणगावपासून आत, मळ्यात. नवरा कल्याणचा, अख्खं लहानपण बिल्डिंगमध्ये गेलेलं. लग्न ठरायच्या आधीपासून त्याला गावी घेऊन जातेय आणि आता ओळखीतली, नात्यातली पोरं-पोरी फोन करून तेच तेच विचारतात, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवलंय. आमच्या बाजूचं लिहिलंय, कोकणात नाहीतर विदर्भात पिकं वेगळी, रीत वेगळी, तेवढं तुमचं तुम्ही बदलून घ्या.

कुठल्या महिन्यात नेऊ?

सगळे म्हणतात पावसाळ्यात ने, हिरवंगार असतं. असतं खरं, पण पावसाळ्यात मळ्यात चिखल, गोठ्यात माश्या, घरातले सगळे फवारणीच्या मागे, आणि पार्टनर खिडकीत बसून. मी तरी सांगेन मार्च-एप्रिल. कांदा काढणी चालू असते, गहू-हरभरा निघालेला असतो, टोमॅटोच्या बागा तारेवर चढलेल्या असतात, आंब्याला कैऱ्या लागलेल्या असतात आणि चैत्रात गावोगावच्या यात्रा सुरू होतात. ऊन कडक असतं, पण सकाळी सहा ते दहा आणि चारनंतर एवढाच वेळ बाहेर पडायचं, मधे घरात नाहीतर आंब्याखाली. दिवाळीनंतरची थंडी पण छान, ऊसतोड चालू असते, हिरवा हरभरा उपटून जाळावर भाजून खाता येतो, पण त्या दिवसांत अंधार लवकर पडतो, आणि आमच्याकडे अंधाराला महत्त्व आहे, ते खाली बिबट्याच्या प्रश्नात येईलच.

काम चालू असताना न्या एवढंच माझं म्हणणं. लोक उलट करतात, सगळं आवरलेलं असेल, कुणी दमलेलं नसेल तेव्हा नेतात, आणि मग पार्टनरला शेत म्हणजे फोटोला मागे दिसणारा हिरवा पडदा वाटतो.

शेत दाखवायला सुरुवात कुठून करायची?

विहिरीपासून. अगदी आग्रहानं सांगते, पिकापासून करू नका, पाण्यापासून करा. पीक बघितलं की माणूस "वा, छान" म्हणतो आणि पुढं जातो, पण पाण्याच्या मागं मागं चाललात तर अख्खं गाव कळतं.

विहीर कुणी पाडली, किती फूट, कडा कधी बांधला, मोटर किती एचपीची, हे आजोबा किंवा आप्पा, म्हणजे वडील, असतील तर त्यांनाच सांगू द्या. मग विहिरीत वाटा कुणाकुणाचा ते सांगा. आमच्याकडे बऱ्याच विहिरी सामाईक असतात, भावाभावांत वार वाटलेले असतात, सोमवार-मंगळवार आपले, बुधवारपासून चुलत्यांचे, आणि हे नुसतं तोंडी नसतं, सातबाऱ्यावर इतर अधिकारात विहिरीचा हिस्सा लिहिलेला असतो. कुठल्या दोन घरांत बोलणं नाही आणि का नाही, हे अर्ध्या वेळा पाण्याच्या पाळीवरनं कळतं.

मग स्टार्टरच्या पेटीपाशी या. मोटर चालते ती थ्री फेज लाईट चोवीस तास नसते, आठ तास असते, आणि ती पण बऱ्याच ठिकाणी आठवड्याच्या पाळीनं कधी दिवसा कधी रात्री. रात्रीची पाळी आली की पाणी धरायला रात्रीच जावं लागतं. शहरातल्या माणसाला रात्रीची लाईट म्हणजे काय ते इथं पहिल्यांदा कळतं. माझा नवरा एकदा आप्पांबरोबर रात्रीचं पाणी धरायला गेला होता, गाडी बांधापर्यंत नेऊन, हातात बॅटरी, आणि आल्यावर बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला की हे दर आड आठवड्याला? हो, दर आड आठवड्याला.

त्यानंतर ठिबक दाखवा, वाल्व कुठला फिरवला की कुठलं वावर भिजतं ते दाखवा. उसाला अजून काही जण पाटानं पाणी देतात, तिथं दारं मोडून बघू द्या, खोऱ्यानं माती ओढून एक सरी बंद करून दुसरी उघडायची, पाच मिनिटांत घाम निघतो.

आणि वेळ असेल तर शेवटी कॅनॉलवर किंवा सरळ येडगाव धरणावर जा. कुकडी प्रकल्पात पाच धरणं आहेत, येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि आंबेगाव तालुक्यातलं डिंभे. येडगावातनं निघणारा डावा कालवा पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत पार सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्यापर्यंत जातो. म्हणजे धरणं आमच्या उशाला आणि पाणी वाटायचं चार तालुक्यांत, म्हणून आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, कधी सुटणार यावर दर उन्हाळ्यात मीटिंगा, मोर्चे, भांडणं. ज्यांची जमीन धरणात गेली ती गावं पण याच तालुक्यातली. काठावर उभं राहून हे सांगा, फोटो नंतर काढा.

बिबट्याचं काय? खरंच असतो का?

असतो. हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका आणि घाबरून बेत पण रद्द करू नका. ऊस बारा ते अठरा महिने उभा असतो, आत दाट, पाणी जवळ, कुत्री-शेळ्या जवळ, त्यामुळे बिबट्यांच्या कित्येक पिढ्या उसातच जन्मल्या. तोड चालू झाली की उसाच्या फडात पिल्लं सापडतात, मग वनखात्याची माणसं येऊन संध्याकाळी त्याच जागेवर पिल्लं पेटीत ठेवतात आणि मादी येऊन घेऊन जाते. जखमी नाहीतर पकडलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र आहे, पण ते काही प्राणीसंग्रहालय नाही, पार्टनरला बिबट्या दाखवायला तिकडं जाऊ नका.

आमच्या भागात माणसं गेलीयेत, लहान मुलं गेलीयेत. ज्या घरात हे झालंय त्या घरापुढनं जाताना "इथंच ना तो?" असं मोठ्यानं विचारायचं नाही, हे पार्टनरला आधीच सांगून ठेवा.

पाळायचं ते एवढंच: दिवस मावळल्यावर एकट्यानं घराबाहेर जायचं नाही, फोन आला म्हणून बोलत बोलत उसाच्या कडेला तर अजिबात नाही. बाहेर पडायचं तर दोघं-तिघं, बॅटरी, मोबाईलवर गाणी किंवा मोठ्यानं बोलत. अंधारात वाकून, खाली बसून काही करायचं नाही, कारण बसलेला माणूस त्याला लहान जनावर वाटतो. लहान मूल बरोबर असेल तर हात सोडायचा नाही, अंगणात पण. दिसलाच तर पळायचं नाही, पाठ न दाखवता मागं सरकायचं, आरडाओरडा करायचा, आणि वनखात्याच्या १९२६ नंबरला कळवायचं. गाडी थांबवून व्हिडिओ काढत बसणारे असतात, तसं करू नका, गर्दी झाली की तो बिथरतो आणि मग पुढच्या वस्तीवर त्रास होतो.

दिवसा लाईट द्या म्हणून शेतकरी भांडतात ते बऱ्याच अंशी याच्यामुळं. वर रात्रीच्या पाळीचं लिहिलंय ते आणि हे एकत्र वाचा.

लग्न अजून ठरलं नाहीये. मैत्रीण किंवा मित्र म्हणून नेलं तर चालेल?

घरी खरं सांगितलेलं असेल तर चालेल. गावाला काय सांगायचं ते घरचे ठरवतील, पण घरच्यांना अंधारात ठेवून "ऑफिसमधली आहे" म्हणून नेऊ नका. गावात गाडी वळली की पारावरच्या माणसांना कळतं पाव्हणं आलंय, आणि संध्याकाळी आईला किराणा दुकानात कुणीतरी विचारणारच. तिला उत्तर माहीत नसेल तर ते तिला फार लागतं.

दुसरं म्हणजे गाव कुठलं, आडनाव काय, पाव्हणे कुठले, हे तीन प्रश्न येणार. त्यातनं जात काढायची असते हे सगळ्यांना माहीत आहे. आमचं लग्न आंतरजातीय आहे, म्हणून सांगते, पार्टनरला या प्रश्नांची कल्पना आधी द्या आणि उत्तर द्यायचं ओझं त्याच्यावर टाकू नका, तुम्ही पुढं व्हा. मी सरळ सांगायचे, "आमच्या घरी माहितीये, आप्पांना विचारा." आप्पांना विचारायला कुणी जात नाही. पण आप्पा तुमच्या बाजूनं आहेत का हे आधी घरात बसून मिटवायला लागतं, त्याला वेळ लागतो, सणाच्या गर्दीत ते काम होत नाही.

कपडे, चप्पल, बाथरूम?

जुने सुती कपडे, पूर्ण बाह्यांचे. टोमॅटोच्या झाडाला हात लावला की हात हिरवे-काळे होतात आणि कपड्यावरचा डाग जात नाही. पायात बूट, पावसाळ्यात तर हवेतच, बांधावर गवतात घोणस असते. कुणाला चावलंच तर मांत्रिक, जखम कापणं, चोखणं यातलं काही नाही, सरळ दवाखाना, नारायणगावात सर्पदंशावर उपचार होतात. बाथरूम आता बहुतेक घरांत आहे, कधीकधी घराबाहेर असतं, रात्री जायचं तर कुणाला तरी उठवा, संकोच करू नका, कारण वर सांगितलंय.

घरच्यांशी कसं वागायचं? पाया पडायचं का?

पडावं, आजी-आजोबांच्या तरी. बाकी फार काही नाही. चहाला नाही म्हणू नका, अर्धा कप घ्या. पुरुष पार्टनर असेल तर त्याला बाहेर ओट्यावर बसवून पुरुष माणसं बोलत बसतात आणि तुम्ही आत जाता, मग तो तास-तास एकटाच, तर मधेमधे बाहेर येत जा. बाई पार्टनर असेल तर उलटं, तिला सगळ्याजणी स्वयंपाकघरात नेतात, तिला शेत बघायचं असेल तर तुम्हीच उठवून बाहेर काढा. जाताना ओटी भरतील, टोपी-टॉवेल देतील, कुंकू लावतील. घ्यावं. पैसे हातात कोंबले तर एकदा नको म्हणून घ्यावे.

आजीजवळ बसायचं. एवढं एक केलं तरी पुरे असतं. तिला ऐकू कमी येत असेल तरी ती बोलते, आणि दुष्काळात काय खाल्लं, विहीर पाडताना दगड कसा लागला, मोटेनं पाणी कसं काढायचे, हे तुम्हालाही माहीत नसलेलं ती पार्टनरला सांगते. नव्या माणसाला सांगायला तिला हुरूप येतो.

मराठी येत नसेल तर?

हिंदीवर चालतं. तरुण पोरांना येतं, म्हाताऱ्यांना खुणा पुरतात. "जेवलो", "बास", "छान झालंय" एवढं शिकवून न्या.

जेवायला काय सांगू?

मासवडी. आमच्या बाजूला येऊन मासवडी न खाता गेलं तर मला वाईट वाटतं. बेसनाचं पीठ चुलीवर घोटायचं, ओल्या फडक्यावर थापायचं, त्यावर भाजलेले तीळ, सुकं खोबरं, कांदा, लसूण, कोथिंबीर यांचं सारण, मग फडक्यासकट वळून रोल करायचा आणि वड्या पाडायच्या. बरोबर झणझणीत काळा रस्सा, बाजरीची भाकरी, कांदा. पीठ गरम असतानाच थापायला लागतं, हात भाजतात, म्हणून हे सांगितल्याबरोबर होणारं जेवण नाही, आईला आदल्या दिवशी सांगा आणि पार्टनरला बघायला चुलीपाशी बसवा. रस्सा तिखट असतो, तुपाची वाटी जवळ ठेवा.

आग्रह होणारच. ताटात आधीच कमी घ्यायचं आणि दुसऱ्यांदा मागून घ्यायचं, त्यानं वाढणाऱ्याला बरं वाटतं.

कामात मदत करू द्यावी का?

हो, पण खरं काम द्या आणि थोडंच द्या. तोडलेले टोमॅटो निवडून क्रेट भरणं, वैरण टाकणं, कांद्याची पात कापणं. कांदा कापायला बायका रांगेत बसतात, त्यांचा हात इतका भरभर चालतो की शेजारी बसून बघितलं तरी समजतं हे कसब आहे. त्या रोजानं नाहीतर उक्त्यावर आलेल्या असतात, त्यांचा वेळ म्हणजे पैसे, त्यामुळं त्यांना थांबवून फोटोला उभं करू नका, विचारल्याशिवाय व्हिडिओ तर नकोच. पाणी भरून आणून द्या, ते त्यांना चालतं.

द्यायची नाहीत ती कामं: फवारणी, स्टार्टरला हात, वैरण कापायचं कुट्टी मशीन, आणि शर्यतीचा बैल सोडणं-बांधणं. आग्रह केला तरी नाही.

मार्केट दाखवण्यासारखं आहे का?

नारायणगावचं टोमॅटो मार्केट तर नक्की. हंगामात पिकअपच्या रांगा, वीस किलोच्या क्रेटचे डोंगर, बाहेरच्या राज्यांतले व्यापारी. २०२३ च्या जुलैत इथं क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला होता, पेपरात फोटो आले, अमुक शेतकरी करोडपती झाला वगैरे. ते खरंच आहे, आणि तोडणीचा खर्च निघत नाही म्हणून बाग तशीच सोडून दिलेली वर्षं पण तेवढीच खरी, त्यांच्या बातम्या कमी येतात. पार्टनरला एक करा, घरातली जुनी पट्टी दाखवा, व्यापाऱ्याकडनं माल विकल्यावर मिळते ती. माल किती, भाव काय, हमाली, तोलाई, भाडं वजा होऊन हातात काय आलं ते एका कागदावर असतं. माझा नवरा अकाउंट्सचा माणूस, त्यानं ती पट्टी बघून आप्पांना जे प्रश्न विचारले तिथनं त्या दोघांचं जमलं.

किती एकर आहे, उत्पन्न किती, असं विचारलं तर चालतं का?

पार्टनरनं विचारू नये. तुम्ही पार्टनरला सांगावं, घरी नाही, वाटेत गाडीत. मुलगी असाल तर जास्तच स्पष्ट सांगा. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि अख्ख्या देशात २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा मुलाएवढाच हक्क आहे, आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की तो जन्मानं आहे, २००५ ला वडील हयात होते की नव्हते याच्यावर तो अवलंबून नाही. तरी गावोगाव बहिणींकडनं हक्कसोड पत्रावर सह्या घेतल्या जातात, "माहेर तुटेल" या भीतीनं बायका सही करतात. माझं नाव सातबाऱ्यावर लागलंय, आप्पांनी स्वतः लावलं, आणि त्यावरनं घरात बोलणी झाली नाहीत असं नाही. म्हणून नवऱ्याला आधीच सांगितलं होतं की या विषयात तू एक शब्द बोलायचा नाहीस, तुझ्या तोंडून निघालं की ते जावयाचं मागणं होतं, माझ्या तोंडून निघालं की लेकीचा हक्क राहतो. त्यानं ते पाळलं. आता दादा-वहिनी जमीन कसतात, मी हिस्सा मागितला नाही, पण नाव आहे, आणि बांधावर उभं राहून "हे आमचं" म्हणताना त्या "आमचं" मध्ये मी आहे.

आजूबाजूला फिरायला काय काय?

लोक एका दिवसात शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट सगळं उरकतात. कृपा करून तसं करू नका. दोन निवडा.

शिवनेरी सकाळी लवकर. शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा, जन्मस्थान, शिवाई देवीचं मंदिर बघालच, पण सात दरवाजे चढताना सावकाश चढा आणि वर गंगा-जमुना टाक्यांपाशी थांबा. कातळात कोरलेली टाकी, पाणी अजून आहे. मळ्यातली विहीर बघून झालेला माणूस ही टाकी वेगळ्या नजरेनं बघतो. १९ फेब्रुवारीला गर्दी प्रचंड असते, तेव्हा शांतपणे बघणं होत नाही.

नाणेघाट माझा सगळ्यात आवडता. सातवाहनांच्या काळातली वाट, गुहेत नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला शिलालेख, तोंडाशी दगडी रांजण, त्यात जकात गोळा करायचे असं सांगतात. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरातला माल याच घाटानं जुन्नरला चढायचा. नवऱ्याला हे सांगितल्यावर तो घाटाच्या तोंडाशी उभा राहून खाली कोकणाकडं बघत होता, त्याच्या गावाहून माझ्या गावाला यायचा दोन हजार वर्षं जुना रस्ता. पावसाळ्यात शनिवार-रविवार टाळा, कड्याला गर्दी आणि निसरडं.

विज्ञानाची आवड असेल तर खोडद. प्रा. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली जीएमआरटी रेडिओ दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, त्यातल्या बऱ्याच लांब लांब शेतांमधे विखुरलेल्या, त्यामुळं कांद्याच्या वावरामागं अचानक एवढी मोठी डिश दिसते. आत बघायचं तर २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला प्रदर्शन असतं, शाळेची पोरं लोटतात.

यात्रा आणि बैलगाडा शर्यत दाखवू का?

यात्रा दाखवाच. पालखी, पाळणे, भेळ, रात्री तमाशा. नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी, पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी सुपारी द्यायला, म्हणजे खेळ ठरवायला, येतात. तमाशातल्या विठाबाई नारायणगावकर इथल्याच.

शर्यतीचं मात्र पार्टनरला विचारून ठरवा. २०१४ ला बंदी आली, डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली, २०२३ ला सुप्रीम कोर्टानं शर्यतीला परवानगी देणारा राज्याचा कायदा मान्य केला. घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, पुढं घोडी, मागं बैल, काही सेकंदांत बारी संपते आणि त्या सेकंदांसाठी माणसं वर्षभर बैलाला लेकरासारखं सांभाळतात. मला ते आवडतं. पण बैलाला त्रास होतो असं वाटणारा माणूस पण प्रेमापोटीच बोलत असतो, त्याला घाटात उभं करून पटवायला जाऊ नका, तो घरी आजीजवळ बसला तरी चालेल.

किती दिवस राहावं?

दोन मुक्काम तरी. पहिल्या दिवशी सगळे पाव्हण्यासारखं वागवतात, दुसऱ्या दिवशी कुणीतरी "जरा ती बादली दे" म्हणतं.

निघताना गाडीत काय काय भरतात?

सगळं. कांदे, ज्वारी, बाजरीचं पीठ, शेवग्याच्या शेंगा, हंगाम असेल तर आंबे. नको म्हणू नका, पण जागा करून जा. कांदे प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, जाळीच्या गोणीत, घरी गेल्यावर पसरून वारा लागेल असे ठेवा आणि बटाट्यांपासून लांब. टोमॅटो सगळ्यात वर, आणि चाकणला ट्रॅफिक लागतं म्हणून दूध डिकीत ठेवू नका, पायापाशी धरा.